पीअरलेस नावाची दोन जहाजे

वाणिज्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यास जमाखर्चात गोडी वाटते, अर्थशास्त्र त्यास मानवते, पेढ्यांच्या व्यवहाराविषयीही त्यास कुतूहल असते. परंतु व्यापारी कायद्याचा ग्रंथ हाती पडला की त्याची मुद्रा उतरते. आपणांस वकिली करावयाची नाही, मग हा खटाटोप कशास, असा प्रश्न तो मनाशी करतो. हा प्रश्न अगदीच अवाजवी आहे असे नव्हे. परंतु त्याचे उत्तर ज्या एका खटल्यात सापडते, त्या खटल्याचा माल मुंबई बंदरातूनच निघालेला होता. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत जेथे जेथे कराराचे शास्त्र शिकविले जाते, तेथे तेथे तो आजही शिकविला जातो.

अमेरिकेत १८६१ च्या एप्रिलात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. साहजिकच लिव्हरपूलच्या दलालांची दृष्टी मुंबईकडे वळली. मुंबईहून जाणाऱ्या कापसास तेथे सरसकट ‘सुरती’ म्हणत, मग तो सुरतेचा असो वा नसो. खंबायतच्या आखाताकडील मालास ‘धोलेरा’ आणि आपल्या वऱ्हाडातील उमरावतीच्या मालास ‘उमरा’ अशी तेथील बाजारातली नावे पडली होती. भाव पूर्वीच्या कितीतरी पटींनी चढले. त्या पैशाने मुंबईत शेअरांचे जे वेड माजले आणि १८६५ साली ज्याचा धुव्वा उडाला, ते सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार येथे नको.

त्या काळी माल आणि बातमी हे दोघे एकाच वेगाने प्रवास करीत नसत. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तोवर कापसाने भरलेले शिडाचे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून जाई, आणि त्यास चार महिने सहज लागत. टपाल मात्र आगबोटीने सुवेझपर्यंत, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रियास, आणि पुन्हा समुद्रमार्गे असे महिना-सव्वा महिन्यात विलायतेस पोहोचे. हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील तार १८६५ साली सुरू झाली. अर्थात माल समुद्रात हेलकावे खात असतानाच लिव्हरपुलात तो विकला जाई, आणि कित्येकदा एका हातातून दुसऱ्या हाती जाई. डोळ्यांनी न पाहिलेल्या, बंदरास न लागलेल्या या मालास ओळखण्यासाठी जहाजाचे नाव हीच काय ती खूण असे.

असाच एक सौदा लिव्हरपूल येथे रॅफल्स आणि विकेलहाउस यांच्यामध्ये ठरला. मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गासड्या, प्रत मध्यम बऱ्यापैकी धोलेऱ्याची, भाव दर पौंडास सव्वासतरा पेन्स. करार स्पष्ट होता. कोणाही मुनिमास त्यात खोट काढता आली नसती.

परंतु पीअरलेस नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली होती, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. पीअरलेस म्हणजे ज्यास जोड नाही असे! विक्रेत्याचा कापूस डिसेंबरच्या जहाजावर होता. खरेदीदाराचे म्हणणे असे की, त्याच्या मनात ऑक्टोबरचेच जहाज होते, आणि त्या जहाजावरील एकही गासडी विक्रेत्याने देऊ केली नाही. दुसऱ्या जहाजाचा माल आला तेव्हा त्याने तो घेण्याचे नाकारले, आणि विक्रेत्याने दावा लावला.

लंडन येथील एक्सचेकर न्यायालयापुढे १८६४ च्या जानेवारीत सुनावणी झाली. साक्षीपुरावा झालाच नाही. विक्रेत्याच्या वकिलाची भूमिका अशी होती की, खरेदीदार म्हणतो ते सारे खरे मानले तरी कायद्याने तो बचाव ठरत नाही. माल ठरलेल्या जातीचा आहे ना, मग तो कोणत्या पीअरलेसवरून आला याच्याशी काय कर्तव्य? जहाजाचे नाव घातले ते एवढ्याचसाठी की, जहाज बुडाल्यास करार संपुष्टात यावा. न्यायाधीशांना हे पटले नाही. मुख्य न्यायाधीश पोलॉक यांनी द्राक्षमद्याचा दाखला दिला: अमुक मळ्याचे मद्य घ्यावयाचे ठरले आणि त्या नावाचे मळेच दोन निघाले, तर काय करावे? खरेदीदाराचे वकील मेलिश यांनी उत्तरादाखल सांगितले की, करारात कोणते जहाज हे दर्शविणारे काहीच नाही. दोघांच्या मनांत दोन जहाजे असतील, तर दोघांचे ऐक्य झालेच नाही आणि करारही झाला नाही. त्यांचे भाषण पुरे होण्यापूर्वीच न्यायालयाने त्यांना थांबविले आणि निकाल खरेदीदाराच्या बाजूने दिला. कारणे मात्र दिली नाहीत.

ही कारणे न दिल्यामुळेच खटला अमर झाला म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन न्यायपंडित होम्स यांनी १८८१ साली असा अर्थ लावला की, मनांतील भेद हे कारण नव्हेच. दोघांनी उच्चारलेला शब्द एक असला तरी त्याने दर्शविलेल्या वस्तू दोन होत्या, म्हणजे दोघे वस्तुतः निराळे बोलले. पुढे १९८९ साली इतिहासकार सिम्पसन यांनी खटल्यामागील कापसाच्या बाजाराचाच शोध घेतला, आणि तो व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक उपयोगी आहे. चढउताराच्या त्या दिवसांत ‘येणाऱ्या’ मालाचा सौदा हा मालाइतकाच काळाचा सौदा होता. दोन महिन्यांच्या अंतराने येणारा तोच कापूस व्यापाऱ्याच्या लेखी तोच राहत नसे. भाव चढलेला असता तर खरेदीदाराने जहाजाची एवढी बारीक चौकशी केली असती काय, ही शंका मनात आल्यावाचून राहत नाही.

हिंदुस्थानात १८७२ साली कराराचा कायदा झाला, आणि त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आली: एकाच गोष्टीस उभयतांनी एकाच अर्थाने मान्यता देणे. संदिग्ध करार रद्द ठरविणाऱ्या एकोणतिसाव्या कलमातील उदाहरण तर थेट पेठेतले आहे. शंभर टन तेल विकण्याचा करार झाला पण कोणते तेल हे कळत नसेल, तर तो करार व्यर्थ. मात्र विकणारा केवळ खोबरेलाचाच व्यापारी असेल, तर संदिग्धता उरत नाही. म्हणजे कायदाही दुकानाची पाटी वाचूनच अर्थ लावतो.

मुंबईत व्यापारी शिक्षणाची पद्धतशीर सोय विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. तेथे १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्र शिकविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पुढे १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. घटनेचा शिल्पकार मुंबईच्या होतकरू हिशेबनिसांस कराराची कलमे समजावून देत होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

तरीही स्वदेशाचा कायदा पुरा येतो तो माल किनाऱ्यावर असेतोवरच. माल जहाजात चढला की नवे प्रश्न उभे राहतात. वाटेत नुकसान झाल्यास ते कोणाचे? नूर आणि विमा कोणी भरावा? तंटा झाल्यास कोणत्या देशाचे न्यायालय, आणि कोणता कायदा? नूर-विम्याच्या जबाबदाऱ्यांस पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली ठराविक संज्ञा दिल्या. विक्रीच्या करारांसाठी व्हिएन्ना येथे १९८० साली राष्ट्रांचा ठराव झाला व तो १९८८ पासून अमलात आला. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे बोलणाऱ्याचा हेतू समोरच्यास ठाऊक असेल तर तो धरावा, नसेल तर त्याच परिस्थितीतील समंजस मनुष्याने जो अर्थ घेतला असता तो धरावा. पीअरलेसचा खटला या कलमाखाली कसा सुटेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांस घालण्याजोगा आहे. दोन जहाजांपैकी समंजस मनुष्य कोणते निवडील, यावर वर्गात हमखास दोन तट पडतील.

गंमत अशी की, ज्या दोन देशांच्या व्यापारातून हा खटला उद्भवला, ते इंग्लंड आणि हिंदुस्थान दोघेही त्या ठरावात सामील झालेले नाहीत. मुंबईहून लिव्हरपुलास माल पाठविणाऱ्यास कोणता कायदा लागू हे आपल्या करारातच लिहून ठेवावे लागते. कापसाच्या व्यापाऱ्यांनी तर आपला मार्ग केव्हाच काढला. लिव्हरपूलच्या दलालांचा संघ १८४१ साली स्थापन झाला. त्याचीच परंपरा चालविणाऱ्या आंतरराष्ट्रीय कापूस संघाच्या नियमांप्रमाणे देशोदेशीचे सौदे होतात, आणि तंटे न्यायालयाऐवजी लवादापुढे जातात.

आणि जहाजांचे म्हणाल, तर एकाच नावाची जहाजे आजही असतात. मात्र १९८७ साली प्रत्येक जहाजास सात आकडी क्रमांक देण्याची योजना ठरली, १९९६ पासून ती मोठ्या व्यापारी जहाजांना सक्तीची झाली, आणि जहाजाचे नाव, मालक वा निशाण बदलले तरी हा क्रमांक ते मोडीत निघेपर्यंत बदलत नाही.