शिवाजी पार्कला सहकुटुंब जेवायला जाताना : काय विचारावे, काय मागवावे

मोहम्मद अली रोड किंवा माहीमच्या दर्गा गल्लीत जेवायला बसलं की आपल्या घरात कुणी काही विचारत नाही. तिथे सगळं गृहीत असतं. शिवाजी पार्क, दादर, गोखले रोड या भागात मात्र तसं नाही. इथे मालवणी खानावळ आहे, मराठी उपाहारगृह आहे, इराणी आहे, उडपी आहे, गोव्याचं जेवण आहे, चायनीज आणि इटालियनही आहे. मुलांचे शाळासोबती याच भागात वाढदिवस करतात, ऑफिसातले सहकारी इथेच जेवायला बोलावतात. मग घरात दोन टोकं दिसतात. काही जण काहीच न विचारता जेवतात, काही जण जायचंच टाळतात. दोन्हींची गरज नाही. थोडी माहिती असेल तर या भागात पोटभर आणि निर्धास्त जेवता येतं. ती माहिती आम्ही इथे एका जागी देत आहोत.

परिसर थोडक्यात

महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. मैदानापासून उत्तरेला दोन-अडीच किलोमीटरवर मखदूम फकीह अली माहिमी (१३७२-१४३१) यांचा दर्गा आहे. कुराणाचे मोठे भाष्यकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे दादरचं मराठी ताट आणि माहीमचं मुस्लिम दस्तरखान यांच्यात टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. मे २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ ची शीतलादेवी, दादर आणि सिद्धिविनायक ही स्थानकंही सुरू झाली आहेत. त्यामुळे कुर्ला-बीकेसीकडून येणाऱ्यांची सोय झाली.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दसऱ्याला मैदानात मेळावा असतो, गणपती विसर्जनाला चौपाटीकडचे रस्ते बंद होतात. या दिवशी म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन इकडे जेवायला येऊ नये.

मटण-चिकन : नेमकं काय विचारायचं

'मुंबईत सगळं मटण हलालच असतं' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामागे कारण आहे. शहराचा मोठा कत्तलखाना म्हणजे महापालिकेचा देवनारचा, १९७१ पासूनचा, आणि तिथे जबिहाची पद्धत रुळलेली आहे. पण आज हॉटेलात येणारा माल फक्त तिथूनच येतो असं नाही. चिकन वेगवेगळ्या दुकानांतून येतं, फ्रोझन पाकिटातून येतं, मोठ्या कंपन्यांकडून येतं. शिवाय मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार सर्टिफिकेशन'ची घोषणा झाली. म्हणजे दोन्ही प्रकारचा माल बाजारात आहे, आणि जो तो आपापल्या पसंतीने घेतो. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे : गृहीत धरू नका, विचारा.

दुसरी गोष्ट. भिंतीवरच्या एफएसएसएआयच्या चौदा आकडी परवान्याचा हलालशी काही संबंध नाही. तो अन्नसुरक्षेचा परवाना आहे. पाकिटावरचं हिरवं चिन्ह शाकाहार सांगतं, तपकिरी चिन्ह मांसाहार सांगतं. हलालचं प्रमाणपत्र वेगळ्या खासगी संस्था देतात, उदाहरणार्थ जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट किंवा हलाल इंडिया. प्रमाणपत्र दाखवलं तर तीन गोष्टी बघा : कोणत्या संस्थेचं आहे, मुदत संपली आहे का, आणि ते या शाखेचं आहे की फक्त माल पुरवणाऱ्या कंपनीचं.

विचारायचं कसं? वेटरला 'हलाल है क्या?' विचारलं की तो बहुतेक वेळा 'हां साब' म्हणून मोकळा होतो. त्याला माहीत असतंच असं नाही. त्यापेक्षा मॅनेजरला असं विचारावं : 'मटण-चिकन कुठून घेता? दुकान कोणतं? फ्रोझन आहे का?' या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देणं अवघड असतं. दुकानाचं नाव सांगितलं तर समाधान होतं. नाही सांगितलं तर मासे किंवा शाकाहारी मागवावं, वाद घालू नये. जाण्याआधी घरूनच फोन करून विचारलं तर आणखी चांगलं. भरल्या हॉटेलात, मुलांसमोर, शेजारच्या टेबलाचे कान आपल्याकडे असताना हा विषय काढायला अनेकांना अवघडल्यासारखं होतं, आणि आजच्या वातावरणात ते स्वाभाविक आहे. फोनवर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. जैन कुटुंब कांदा-लसूण विचारतं, उपवासवाला साधं मीठ आहे की सैंधव ते विचारतो. आपला प्रश्नही तसाच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मालवणी खानावळ : मासे सोपे, पण मसला बघा

दादर हे मालवणी आणि गोमंतकीय जेवणाचं माहेरघर. सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमंतक ही नावं या भागात सर्वांना ठाऊक आहेत. कोकणी मुस्लिम घरांना इथलं जेवण परकं वाटत नाही. नारळ, कोकम, तिरफळ, तांदळाची भाकरी हे सगळं रत्नागिरी-रायगडच्या आपल्या चुलीवरचंच आहे. वाटणात फरक असतो इतकंच.

माशाला जबिहा लागत नाही, म्हणून सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील, रावस, हलवा निर्धास्त मागवावेत. पुढे मात्र मसलक वेगळा तसा मसला वेगळा :

- कोकणी मुस्लिम बहुतांश शाफई आहेत. शाफई मसलकात समुद्रातल्या जिवांबद्दल सवलत मोठी आहे. कोळंबी, माकुळ, तिसऱ्या चालतात. खेकड्याबाबत मात्र शाफई उलमांतही मतभेद आहेत.
- हनफी मसलकात पाण्यातला फक्त मासाच हलाल. तिसऱ्या, माकुळ, खेकडा चालत नाहीत. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलमांची दोन मतं आहेत. काही ती बिनदिक्कत चालते म्हणतात, काही टाळायला सांगतात.

आजकाल एकाच घरात सासर शाफई, माहेर हनफी असं असतं. तेव्हा सगळ्यांसाठी एकच मिक्स सी-फूड थाळी मागवण्याऐवजी वेगवेगळे मासे मागवावेत. सोलकढी सर्वांना चालते. ती कोकम आणि नारळाच्या दुधाची असते.

एक बारकावा. मासे आणि चिकन एकाच तव्यावर किंवा एकाच तेलात तळले जातात का, हे विचारावं. 'आमच्या मासळीला वेगळा तवा लावा' असं सांगितलं तर बरेच जण ऐकतात. वडे-कोंबडीतले वडे फक्त पिठाचे असतात. कोंबडीबद्दल खात्री नसेल तर तेच वडे काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खाता येतात.

मराठी उपाहारगृह : सगळ्यांचं टेबल

गडकरी चौकातलं, सेना भवनाजवळचं आस्वाद १९८६ पासून सुरू आहे. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारात त्यांच्या मिसळीला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. गोखले रोडवरचं प्रकाश साबुदाणा वडा आणि पियूषसाठी प्रसिद्ध आहे. दादर स्टेशनजवळचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. इथे मांसच नाही, त्यामुळे जबिहाचा प्रश्नच येत नाही. थालीपीठ, कोथिंबीर वडी, अळूवडी, डाळिंबी उसळ, खरवस, मुलांसाठी बटाटावडा. पियूष म्हणजे श्रीखंड आणि ताक घुसळून त्यात केशर-जायफळ घातलेलं पेय. नाव ऐकून काही जण बिचकतात, पण त्यात नशेचं काही नसतं.

मुस्लिमेतरांच्या हातचं शाकाहारी अन्न खाण्यात हरकत नाही, हे उलमांनी स्पष्ट केलेलं आहे. देवाला दाखवलेला नैवेद्य ही वेगळी बाब, आणि हॉटेलात विकायला केलेला पदार्थ वेगळा. साबुदाणा वडा उपवासाचा म्हणून ओळखला जातो, पण तो खाल्ल्याने आपण कुणाचा उपवास धरत नाही.

दुसऱ्या देशातलं असंच टेबल

वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका टेबलावर कशी जेवतात, याचं सुंदर उदाहरण इथिओपियात आहे. हा तोच हबशा, जिथे इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केतून निघालेल्या सहाबांना नजाशी बादशहाने आसरा दिला. हजरत जाफर बिन अबी तालिब यांनी दरबारात सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या, हा प्रसंग आपल्या मुलांना मदरशात शिकवला जातो. आपल्या मुलुखाशीही हबशाचं नातं आहे. मलिक अंबर तिकडचा, आणि मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी नवाब त्याच वंशाचे.

तिथे आजही ख्रिश्चन आणि मुस्लिम दोघेही मोठ्या संख्येने राहतात, आणि मांसाबाबत रिवाज कडक आहे. ख्रिश्चनाने कापलेलं मांस मुस्लिम खात नाही आणि मुस्लिमाने कापलेलं ख्रिश्चन खात नाही. म्हणून खाटकाची दुकानंही वेगळी. पण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास वर्षभर चालतात, दर बुधवारी आणि शुक्रवारीही असतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही नसतं. उपवासाचं हे ताट, म्हणजे बेयायनेतू, आंबवलेल्या टेफ धान्याच्या इंजेरा नावाच्या मोठ्या धिरड्यावर वाढतात. मसूर, वाटाणा, कोबी, पालेभाजी, हरभऱ्याचं शिरो असं सगळं त्यावर असतं. मुस्लिम पाहुणा आला की हेच ताट सगळ्यांच्या मध्ये येतं, कुणालाच काही विचारावं लागत नाही. दादरच्या मिसळ-थालीपिठाच्या टेबलाचं कामही नेमकं हेच आहे.

दुबई, लंडन, टोरांटो, वॉशिंग्टन या शहरांत इथिओपियन हॉटेलं पुष्कळ आहेत आणि आपल्या अनेक घरांतली मुलं तिकडे आहेत. त्यांच्यासाठी चार ओळी. बेयायनेतू 'उपवासाचं' सांगून मागवावं, नाहीतर वर मांस येऊ शकतं. 'डोरो वॉट' म्हणजे कोंबडीचा रस्सा, 'तिब्स' म्हणजे परतलेलं मांस, इथे हलालची चौकशी करावी. 'किटफो' बहुधा कच्च्या खिम्याचा असतो. 'तेज' ही मधाची दारू आहे, सरबत नव्हे. समोरच्याने आपल्या हाताने घास भरवला तर दचकू नये. त्याला 'गुर्शा' म्हणतात, तो प्रेमाचा रिवाज आहे.

दारू, डुक्कर आणि लपलेले पदार्थ

- गोव्याच्या जेवणात सोरपोतेल आणि चोरिस डुकराचे असतात. शाकुती, काफ्रेयाल सहसा कोंबडीचे, पण चौकशी करूनच घ्यावेत.
- इटालियन-कॉन्टिनेन्टल हॉटेलात वाइनचा सॉस असतो. तिरामिसूत बऱ्याचदा दारू असते. नाताळच्या केकमध्ये रम असते, बेकरीत आधी विचारावं.
- पन्ना कोटा, मार्शमॅलो, जेली यांत जिलेटिन असू शकतं. ते कशापासूनचं, हे पाकिटावर बघावं.
- चायनीजमध्ये पोर्क ठेवतात का आणि कढई एकच आहे का, हे विचारावं.
- ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, अशी हदीस आहे. बार असलेल्या हॉटेलात अनेकदा कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो. बुकिंग करतानाच तो मागावा. ऑफिसच्या जेवणाचं ठिकाण ठरवताना आपणच आधी एखादी मालवणी किंवा शाकाहारी जागा सुचवली तर पुढचा संकोच टळतो.

मांसाहार हवाच असेल तर

माहीमला जावं. दर्ग्याच्या आसपास बिर्याणी, कबाब, नल्ली निहारी आणि रमजानमध्ये रात्रभर गजबजणारे स्टॉल आहेत. तिथला बाबा फालुदा मुंबईभर माहीत आहे. गोड न्यायचं असेल तर जोशी बुढाकाका यांचा माहीम हलवा घ्यावा. गव्हाचा चीक आणि साखरेचे ते पातळ चौकोन पाहुणे हमखास मागतात. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी हा जुना इराणी आहे. तिथे बन मस्का आणि चहाला संध्याकाळ छान जाते.

वेळेचं गणित

मगरिबची नमाज जमातीने हवी असेल तर दर्ग्याची मशीद गाठावी आणि जेवण त्यानंतर ठेवावं. शनिवार-रविवारी संध्याकाळी आस्वाद, प्रकाश, मालवणी खानावळी सगळीकडे रांग असते. लहान मुलं असतील तर सातच्या आत पोचावं किंवा दुपारी उशिरा जावं. रमजानमध्ये दादरला इफ्तार करायचा झाला तर खजूर आणि पाणी सोबत ठेवावं, कारण ऑर्डर यायला अजानची वेळ कळत नाही.

मुलाला मित्राच्या वाढदिवसाला पाठवताना त्याच्या आईला आदल्या दिवशी एक फोन करा : 'ताई, आमचा मुलगा बाहेरचं चिकन-मटण खात नाही, बाकी सगळं खातो.' एवढं पुरतं. बहुतेक आया त्याच्यासाठी वेगळी बशी ठेवतात. आणि मुलालाही कळतं की आपल्या घरचा नियम सांगायला आवाज चढवावा लागत नाही, की लपवावाही लागत नाही.