तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी

पोळ्याची कर उजाडली की आपल्या नेरात काय, दारव्ह्यात काय, यवतमाळात काय, कोणत्याही गल्लीत लाकडी चाकांचा खडखडाट ऐकू येतो. पोरं नंदी घेऊन दारात येतात, आपण नंदीच्या पायांवर पाणी घालतो, कुंकू लावतो, आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतो. दरवर्षीचं आहे, म्हणून त्याकडे निरखून पाहायचं राहून जातं. आज या लाकडी बैलाची गोष्ट सांगते.

'तान्हा' हा आपल्या घरातला, बायकांच्या तोंडचा शब्द. तान्हं बाळ, तशी तान्ही गाय. पोळा येतो श्रावण अमावस्येला, आणि तीच पिठोरी अमावस्या. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी बाया त्या दिवशी चौसष्ट योगिनींची पूजा मांडतात. म्हणजे घरधनी गोठ्यात बैल सजवत असतो तेव्हा घरात आई लेकरांसाठी उपास करत असते. दुसऱ्या दिवशी त्याच लेकरांच्या हातात बैलाची दोरी येते. पंचांगानं या दोन गोष्टी शेजारी बसवल्या आहेत. पेपरात पोळ्यावर रकाने भरून येतं, पण त्यातली पिठोरी बहुतेक वेळा गळून पडते.

तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांच्या काळात सुरू झाला, असं विदर्भात सांगतात. खऱ्या बैलाची दोरी लहान मुलाच्या हाती द्यायची म्हणजे जीवाला घोर. म्हणून मुलांसाठी लाकडाचे बैल आले. भोसल्यांचा संबंध आपल्याही भागाशी होता. वऱ्हाडात निजाम आणि भोसले असा दोघांचा अंमल चालायचा आणि रयत दोन्हीकडून भरडली जायची. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. पुढं १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावानं ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. राज्यं अशी बदलत गेली, पण पोळा दोन्ही काठांवर चालूच राहिला.

चाकांवर जनावर उभं करण्याची कल्पना मात्र भोसल्यांहून फार जुनी आहे. १९७४ साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला खोदताना चार धातूच्या मूर्ती सापडल्या. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि चौथी दोन बैल जुंपलेली गाडी, तिच्यात उभा माणूस. गेंडा आणि रेडा चक्क चाकांवर उभे आहेत. अभ्यासक त्यांचं वय चार हजार वर्षांच्या आसपास धरतात. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथल्या एका घरात मातीची, डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर नीट बसते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही जोडी. यावरून तान्हा पोळा तेवढा जुना ठरत नाही, उगाच तसं सांगूही नये. पण आपल्या मातीत बाई आणि बैल एकमेकांजवळ होते, एवढं त्यावरून दिसतं.

आता लाकडाकडे येऊ. देशावर, पश्चिम महाराष्ट्रात, पोळ्याला आणि बेंदराला मातीचे बैल पुजतात. ते कुंभाराकडून येतात आणि दरवर्षी नवे. आपल्याकडे लाकूड, कारण आपल्याकडे जंगल. साग, शिवण, आंबा, जे हाताशी येईल ते. मातीचा बैल वर्षाचा पाहुणा असतो. लाकडी नंदी माळ्यावर राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा खाली उतरतो आणि आजोबाकडून नातवाकडे जातो.

तो घडवायचा कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. लहान नंदी एकाच ठोकळ्यातून निघतो. सुतार करवतीनं ठोकळा कापतो, वाकसानं अंग उतरवतो, पटाशीनं पोळी आणि वशिंड काढतो, मग कानस मारतो. मोठा नंदी असा होत नाही. लाकडाची नस लांबीनं धावते. आडव्या ओंडक्यातून बैल कोरला तर पायात नस आडवी येते आणि ओढताना पहिल्या दगडावर पाय तुटतो. म्हणून जाणता सुतार धड वेगळं, चार पाय वेगळे आणि उभ्या नसेचे करतो, भोकं पाडून खुंटीनं बसवतो. शिंगंही वेगळी. खाली पाट, पाटाला चार चाकं. वखर, डवरा, तिफण, जू आणि गाडीचं चाक करणारा हाच माणूस. चाकाचा आरा आणि बैलाचा पाय, दोन्हींत नसेची अक्कल एकच लागते.

आपल्या नाल्यांच्या काठी शिंदी काही कमी नाही, तिच्या खोडाचा नंदी का करत नाहीत? कारण ताड-शिंदीच्या खोडाला सागासारखी वलयं नसतात. बाहेरून कठीण, आत भुसभुशीत, आणि सगळे धागेच धागे. त्यातून बारीक पाय निघत नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला अशाच खोडांच्या मूर्ती होतात. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर पूर्वजांच्या आणि देवांच्या लाकडी-दगडी मूर्तींना 'टिकी' म्हणतात. तिथल्या लोकांसाठी त्या पवित्र. १९३० नंतर अमेरिकेत बेटांच्या थाटाची हॉटेलं निघाली आणि टिकी शोभेची वस्तू झाली. पुढं तिकडे पाम झाडाचे ओंडके उभे धरून, त्यावर मोठे डोळे नि दात कोरून बागेत ठेवायची पद्धत पडली. खोड उभं आणि जाड ठेवलं की पामचं लाकूडही चालतं. मला त्यात खटकतं ते एवढंच की कोणाचा तरी वाडवडील कोणाच्या तरी दारूच्या दुकानाची शोभा झाला. नंदीचंही तसं होणार का, हा प्रश्न शहरातल्या दिवाणखान्यात काचेमागं ठेवलेले नंदी पाहिले की मनात येतो.

एकोणिसाव्या शतकात आपल्या भागात बैलाची किंमत एकदम चढली. आधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवर थेट मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. स्टेशनापर्यंत माल न्यायला गाड्या हव्या, गाड्यांना बैल हवे आणि सुतारही हवे. सुतार होता बलुतेदार. वर्षभर अवजारं दुरुस्त करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' पुस्तकात ही सगळी देवघेव मांडून ठेवली आहे.

मोठ्या पोळ्यात मात्र मान होता आणि मानापमानही होता. तोरणाखाली पहिला बैल कोणाचा, मखर कोणत्या बैलाच्या शिंगांवर, यावरून गावोगाव तंटे झाले. ज्याच्या घरी बैलच नाही, त्याचं तोरणाखाली काय काम? वर्षभर दुसऱ्याच्या बैलामागं चालणारा सालदार त्या दिवशी बैल धुवायचा, रंगवायचा. मिरवायला मालक पुढं. तान्ह्या पोळ्यात ही अट सैल झाली. शेत नसलेल्या घरातल्या पोराकडेही लाकडाचा एक बैल असू शकतो. मला विचाराल तर या सणाचं मोठेपण त्यातच आहे, राजेरजवाड्यांच्या गोष्टीत नाही.

एक गाठ मात्र लाकडी बैलानंही सोडवली नाही. दोरी पोराच्या हाती. पोरगी पूजेचं ताट धरून दारात. पेरणीत मूठ धरणारी बाई, निंदण करणारी बाई, कापूस वेचणारी बाई, आणि बैलाच्या खुरांवर पाणी घालणारीही बाईच. आता गल्लीत पोरीही नंदी ओढताना दिसतात, सजावटीच्या स्पर्धेत बक्षिसं नेतात. अजून एखादी म्हातारी नाक मुरडते. मुरडू द्या.

वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तान्हा पोळा फार मोठा भरतो. माणसाहून उंच नंदी निघतात, ते ओढायला पोरांची फौज लागते, बघायला आसपासची गावं लोटतात. इकडे गोठे मात्र रिकामे होत चालले. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गाईबैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. वखरणी ट्रॅक्टरनं होते, चारा महाग, आणि बैलजोडी पाळणं कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही. कितीतरी घरांत आता पोळ्याला पुजायला लाकडाचाच बैल उरला आहे. म्हणजे मोठा पोळाही तान्ह्याच्या चाकांवर आला. सुताराकडे अवजारांचं काम नाही. दारं-खिडक्याही कारखान्यातून तयार येतात. तरी पोळ्याआधीच्या महिन्यात त्याच्या दारी गर्दी असते, आणि तेवढ्यापुरती वाकसाला धार लागते.

तुमच्या माळ्यावर जुना नंदी असेल तर या वर्षी रंग देण्याआधी तो उलटा करून बघा. पाय खुंटीनं बसवलेत की खिळ्यांनी, चाक एकाच फळीचं आहे की जोडाचं, लाकूड कोणतं. घरातल्या थोरल्या बाईला विचारा, कोणी केला, कधी आणला, बदल्यात काय दिलं. धान्य दिलं असेल तर किती पायल्या, तेही विचारा. आणि पाटाच्या खालच्या बाजूला सुताराचं नाव आणि साल लिहून ठेवा. वरून कितीही रंग चढले तरी खालची बाजू कोणी रंगवत नाही.