मिठागरातला पहिला घास

फायटर माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की दोन-तीन दिवस पोटाखालच्या बलकावर निभावतं, मग त्याला भूक लागते. दुकानातली बहुतेक पूड त्याच्या तोंडात मावत नाही, आणि जे हलत नाही ते त्याला अन्न वाटतच नाही. जुन्या शौकिनांचा उपाय म्हणजे इन्फुसोरिया. केळीची साल किंवा पेंढा पाण्यात कुजवायचा, आणि गढूळलेलं पाणी निवळू लागलं की त्यातले पॅरामेशियमसारखे जीव थेंबाथेंबाने टाकीत सोडायचे. डच कापडव्यापारी लेव्हेनहूकने १६७६ साली मिरी भिजवलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव पाहिले, त्याच जातीचं हे पाणी. फायटरला पहिले काही दिवस ते उपयोगी पडतं. पण ते साठवता येत नाही आणि रातोरात नासतं.

साठवता येणारं जिवंत अन्न मिठाच्या पाण्यातून आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या अॅल्विन सील यांनी १९३३ साली आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं माशांच्या पिल्लांना उत्तम चालतात हे छापून मांडलं. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीचा चिमुकला नातलग. त्याची सुकी अंडी वर्षानुवर्षं डब्यात राहतात आणि खाऱ्या पाण्यात पडली की दिवसाभरात फुटतात. पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. माझ्या मते मत्स्यपालनातला हा सर्वांत मोठा शोध आहे. पिल्लाची भूक आणि खाद्याचा जन्म यांची वेळ माणसाच्या हाती आली ती यामुळे.

आपल्याकडे या जिवाची नोंद मुंबईतूनच झाली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली वडाळ्याच्या मिठागरातला आर्टेमिया नोंदवला. मिठागरच का, याचं उत्तर साधं आहे. आर्टेमियाला माशांपासून बचावाचं कसलंच साधन नाही, म्हणून मासे जिथे तगत नाहीत अशा तीव्र खाऱ्या पाण्यात तो राहतो. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना आटत जातं. मधल्या वाफ्यांत आर्टेमिया फोफावतो, मीठ धरतं शेवटच्यांत. मधलं शेवाळ तो खातो, त्यामुळे मीठही स्वच्छ निघतं. पाणी फारच खारट झालं की मादी जिवंत पिल्लांऐवजी कठीण कवचाची अंडी घालते. डब्यात येतात ती हीच.

घरी ती फोडायला उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटली, लिटरला तीसेक ग्रॅम खडेमीठ आणि हवेचा पंप पुरतो. दिवसाभराने पंप थांबवून तळाशी दिवा धरला की पिल्लं उजेडाकडे जमतात, टरफलं वर राहतात. पिल्लं लगेच गाळून, गोड्या पाण्यात धुऊन माशांना द्यावीत. काही तासांतच त्यांचा बलक संपत जातो आणि कस उतरतो.

आता पुन्हा मुंबईच्या मिठागरांकडे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. भराव पडण्यापूर्वी तिथल्या वाफ्यांच्या कडेचा गाळ चाळून आर्टेमियाची अंडी आहेत का ते पाहायला हवं, आणि असतील तर जपून ठेवायला हवीत. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्याला आहे. हे काम तिच्याच शहरात आहे.