लिस्बन कुठून पाहायचं? पाण्यावरून, आकाशातून आणि पायी

पोर्तुगीजांची एक जुनी म्हण आहे: ज्यानं गोवा पाहिला, त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. जुन्या गोव्याच्या वैभवाबद्दल कुणी लिहायला बसलं की ही म्हण हमखास येते आणि आपणही ती वाचून सुखावतो. मला मात्र त्यातल्या ‘पाहिला’ या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. पाहिला म्हणजे कुठून पाहिला? जहाजावरून? किल्ल्याच्या तटावरून? की डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन गल्लीचा चढ चढताना?

शहरांची जुनी चित्रं आणि नकाशे हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर जातो: चित्र काढणारा कुठे उभा आहे? हा प्रश्न का महत्त्वाचा, ते लिस्बनच्या उदाहरणावरून सांगते. हे शहर डोंगरउतारावर वसलेलं असल्यामुळे ते पाण्यावरून एक दिसतं, वरून दुसरं आणि पायी फिरताना तिसरंच.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. तेजो नदी (आपल्याकडच्या नकाशांत ‘टेगस’) समुद्राला मिळण्याआधी खाडीसारखी रुंद होते. तिच्या उत्तर काठावर टेकड्या आहेत आणि त्यांच्या दक्षिण उतारावर शहर. घरांच्या रांगा एकीवर एक चढत गेलेल्या. त्यामुळे नदीतून पाहणाऱ्याला जवळजवळ अख्खं शहर एका नजरेत दिसतं. सपाट जमिनीवरच्या शहरांना ही सोय नसते. तिथे पुढची घरं मागच्यांना झाकून टाकतात.

पाण्यावरून: राजाला दाखवायचं होतं ते

ही सोय राजांच्या लवकर लक्षात आली. मध्ययुगात राजा टेकडीवरच्या किल्ल्यात राहायचा. वास्को द गामा १४९७ च्या जुलैमध्ये निघाला आणि हिंदुस्थानची वाट सापडल्याची बातमी घेऊन ताफा १४९९ मध्ये परतला. त्यानंतर लगेचच राजा मानुएल यानं किल्ला सोडून थेट नदीकाठी नवा राजवाडा बांधायला घेतला. त्याच परिसरात ‘कासा दा इंडिया’ हे मिरी-मसाल्याच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय आणि गोदाम होतं. म्हणजे राजाच्या घराला लागूनच मिरीची कोठी. परदेशी वकील असो की व्यापारी, गलबत काठाला लागलं की समोर आधी हेच यायचं.

लिस्बनच्या टाइल संग्रहालयात सुमारे १७०० सालचं एक टाइलचित्र आहे. निळ्या-पांढऱ्या टाइलांचं, जवळपास २३ मीटर लांब. त्यात नदीकाठचा सुमारे १४ किलोमीटरचा पट्टा रंगवला आहे: राजवाडा, मठ, चर्च, धक्के, होड्या. चित्रकार जणू होडीत बसून काठाकाठानं निघाला आहे. १७५५ च्या भूकंपाआधीचं शहर कसं होतं हे सांगणारं हे फार मोलाचं साधन. पण बारकाईनं पाहिलंत तर लक्षात येईल की नदीकडे तोंड केलेलं सगळं ठळक आहे आणि पाठ केलेलं काहीच नाही. टेकड्यांच्या पलीकडचे उतार या चित्रात येऊच शकत नाहीत.

‘सात टेकड्यांचं शहर’ या बिरुदाची गोष्टही अशीच आहे. ते रूढ व्हायला फ्रे निकोलाउ द ऑलिव्हैरा या धर्मगुरूचं १६२० मधलं पुस्तक कारणीभूत ठरलं. रोमच्या सात टेकड्या, म्हणून आमच्याही सात! प्रत्यक्षात टेकड्या सातांहून जास्त आहेत. ग्रासा नावाची चांगली उंच टेकडी या गणतीत का नाही, याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं: नदीतून येणाऱ्याच्या नजरेला ती किल्ल्याच्या टेकडीमागे लपते. म्हणजे बोटीतून दिसल्या तेवढ्याच टेकड्या मोजल्या.

तुम्ही कधी गेलात तर काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी साधी फेरीबोट पकडा. दहाएक मिनिटांचा प्रवास. रोज कामावर जाणारे लोक त्यात मोबाइल बघत बसलेले असतात. तुम्ही मात्र मागच्या बाजूला उभे राहा. राजांना दाखवायचं होतं ते शहर तिथून आजही दिसतं.

आकाशातून: इंजिनिअरला हवं होतं ते

विमान यायच्या कितीतरी आधी लोकांनी लिस्बन वरून पाहिलं होतं, अर्थात कागदावर. जर्मनीतल्या कोलोन इथून गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगनबर्ग यांनी जगभरच्या शहरांच्या चित्रांचा जो प्रचंड संग्रह काढला, त्याच्या पहिल्याच खंडात, १५७२ मध्ये, लिस्बनही आहे आणि गोवाही. १५९८ च्या पाचव्या खंडात लिस्बनचं आणखी तपशीलवार चित्र आलं. पक्ष्याच्या नजरेतून काढलेलं, इमारतींना आकडे घातलेलं, खाली त्यांची यादी. एवढ्या उंचीवर तेव्हा कुणीही गेलेलं नव्हतं. जमिनीवरच्या अनेक ठिकाणांहून जमवलेली माहिती एकत्र करून ती नजर ‘तयार केलेली’ होती.

ही तयार केलेली नजर पुढे शहराचं नशीब ठरवणार होती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. बरेच जण पडत्या घरांपासून दूर, नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले. नदीचं पाणी मागे हटलं आणि लाट होऊन परत आलं. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसं गेली. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय आणि त्याच वर्षी उघडलेलं भव्य ऑपेरागृह, सगळं गेलं. पाण्यावरून दिसावं म्हणून जे पुढे आणून मांडलं होतं, ते लाटेच्या पहिल्या तडाख्यात सापडलं.

पुनर्बांधणीची सूत्रं सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यो या मंत्र्याकडे आली. हाच पुढे मार्किस ऑफ पोम्बाल म्हणून ओळखला गेला. मुख्य अभियंता मानुएल दा माइया तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. त्यानं डिसेंबर १७५५ पासूनच पर्याय लिहून द्यायला सुरुवात केली: आहे तसंच पुन्हा बांधा, रस्ते रुंद करा, घरांची उंची कमी ठेवा, खालचा भाग पूर्ण सपाट करून नव्यानं आखा, किंवा शहरच पश्चिमेला बेलेंकडे हलवा. निवड झाली खालचा भाग नव्यानं आखण्याची. दोन टेकड्यांमधल्या या सखल भागाचं नाव ‘बायशा’, म्हणजेच खालचा. तिथे आधी वेड्यावाकड्या गल्ल्यांचं जाळं होतं. त्या जागी काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आले, एकसारख्या दर्शनी भिंतींच्या इमारती आल्या. इमारतींच्या आत भूकंपाचे हादरे सोसणारा लाकडी सांगाडा होता, त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. १७६० मध्ये एकेक रस्ता एकेका धंद्याला वाटून दिला. सोनारांचा, चांदीकारांचा, चांभारांचा. जिथे राजवाडा होता तिथे चौक झाला आणि त्याला नाव मिळालं ‘व्यापार चौक’.

आज दक्षिणेकडून उतरणारं विमान नदी ओलांडून शहरावरून जातं. खिडकीची जागा मिळाली, तर बायशाची ती चौकट चटकन ओळखता येते. दोन्ही बाजूंच्या उतारांवर गुंतागुंत आणि मधोमध कुणी पट्टी ठेवून रेघा मारल्यासारखे रस्ते. खरोखरच पट्टी ठेवून मारलेल्या रेघा आहेत त्या. कागदावर ज्या कोनातून त्या आखल्या, जवळपास त्याच कोनातून तुम्ही त्या बघत असता.

वरून पाहण्याची एक गंमत अजून आहे. बेलेंला नदीकाठी दर्यावर्द्यांचं एक उंच स्मारक आहे. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. १९६० मध्ये, सालाझारच्या हुकूमशाहीत, ते पक्कं बांधलं. त्यासमोरच्या फरशीवर ५० मीटर व्यासाचं दिशाचक्र आहे आणि त्याच्या मध्यभागी जगाचा नकाशा. ही दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या वर्णद्वेषी सरकारची भेट. जमिनीवर उभं राहून ते नीट दिसत नाही. स्मारकाच्या माथ्यावर जाऊन खाली पाहिलं, की पोर्तुगीज जहाजं कुठे कुठे गेली ते जग पायाशी पसरलेलं दिसतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा त्या नकाशातून निसटला.

पायी: चित्रात न मावलेलं

आता चालू या. दम लागेल. १८८४ पासून इथे उतारावर चढणाऱ्या केबलच्या गाड्या आल्या, १९०१ पासून विजेच्या ट्राम आल्या, १९०२ मध्ये बायशातून थेट वरच्या वस्तीला जोडणारी लोखंडी उद्वाहक-इमारत आली. पण या तिन्ही सोयींच्या आधी साडेतीनशे-चारशे वर्षं शहराचं पाणी, लाकूड, मैला, सगळं माणसांनी वाहिलं. कोणत्या माणसांनी? १५५१ च्या एका गणनेनुसार एक लाखाच्या आसपास वस्तीच्या लिस्बनमध्ये ९,९५० गुलाम होते. दहातला एक.

अल्फामा वस्तीच्या पायथ्याशी ‘राजाचा नळ’ म्हणून ओळखलं जाणारं पाणवठ्याचं बांधकाम अजून उभं आहे. सोळाव्या शतकात तिथे इतकी भांडणं व्हायची की नगरपालिकेनं नियम केला: कोणत्या तोटीवर कुणी पाणी भरायचं. गोरे पुरुष वेगळे, गोऱ्या बायका वेगळ्या, काळे पुरुष वेगळे, काळ्या बायका वेगळ्या. गुलाम आणि काळ्यांच्या तोट्यांच्या यादीत आणखी एक शब्द येतो: हिंदी. म्हणजे आपल्याकडून नेलेली माणसं. पाणवठ्यावर कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवून दिलेलं असणं आपल्याला नवीन नाही; महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे. पण लिस्बनच्या नळावर आपली माणसंही रांगेत होती, हे गोव्याच्या वैभवाची म्हण सांगत नाही.

थोडं पश्चिमेला गेलात तर ‘रुआ दु पोसू दुश नेग्रुश’ असा रस्ता लागेल. अर्थ: काळ्यांच्या खड्ड्याचा रस्ता. मेलेल्या गुलामांची प्रेतं उघड्यावर टाकली जात, म्हणून १५१५ मध्ये राजा मानुएलनं ती टाकण्यासाठी खड्डा खणायला सांगितला. नदीकाठच्या राजवाड्याचा आणि मिरीच्या कोठीचा तोच हा मानुएल. रस्त्यावरून ट्राम जाते, कॅफे आहेत. तिथे खड्ड्याची आठवण आहे ती रस्त्याच्या नावात.

किल्ल्याच्या टेकडीच्या मागच्या, नदीकडे पाठ केलेल्या उतारावर मोरारिया आहे. ११४७ मध्ये अफोन्सो एन्रिकेशनं क्रुसेडरांच्या मदतीनं लिस्बन मुसलमानांकडून घेतलं. मागे राहिलेल्या मुसलमानांना तटाबाहेर, या उतारावर वस्ती दिली. मूर लोकांची जागा, म्हणून मोरारिया. नदीतून हा उतार दिसत नाही. आज इथे बांगलादेशी, भारतीय, नेपाळी दुकानं आहेत. बाहेरून आलेल्याला शहर अजूनही तीच बाजू देतं.

पायी पाहिलं म्हणजे सगळं ‘खरं’ दिसलं, असं मात्र समजू नका. टेकडीवरचा तो मध्ययुगीन वाटणारा किल्ला? त्याचा बराचसा भाग १९३८ ते १९४० च्या दरम्यान डागडुजी करून उभा केलेला आहे. राष्ट्राच्या वर्धापनदिनाचा सोहळा होता आणि सालाझारच्या राजवटीला एक झोकदार किल्ला हवा होता. तटबंदीवर चालताना तुम्ही बाराव्या आणि विसाव्या शतकात एकाच वेळी पाय टाकत असता.

मग काय करायचं?

मला या अभ्यासातून मिळालेली गोष्ट साधी आहे. कोणत्याही शहराचं दृश्य कुणीतरी, कुणासाठी तरी मांडलेलं असतं. नदीकडची बाजू राजानं परक्या पाहुण्यांसाठी मांडली. वरचा आराखडा इंजिनिअरांनी राज्यकारभारासाठी आखला. उरलेलं ज्यांनी शहर वाहिलं त्यांचं, आणि ते बहुधा रस्त्यांच्या नावांत किंवा एखाद्या नियमाच्या ओळीत सापडतं. एकच बाजू पाहिली की उरलेल्या दोन नाहीतच असं वाटू लागतं. शाळेच्या पुस्तकातला आपला इतिहासही बऱ्याचदा असा ‘होडीतून पाहिलेला’ असतो.

त्यासाठी लिस्बनचं तिकीट काढायची गरज नाही. जुन्या गोव्यातून दिवाडीला जाणाऱ्या फेरीत बसा. फेरी सुटली की मागे वळून पाहा. काठाजवळच व्हाइसरॉयची कमान आहे. वास्कोचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती बांधली, आणि पणजोबांची मूर्ती नदीकडे तोंड करून वर बसवली. नवा व्हाइसरॉय याच बाजूनं शहरात शिरायचा. मग परतीच्या फेरीनं या, त्या कमानीतून चालत आत जा, आणि विचारा: इथे पाणी कुठून यायचं आणि ते कोण वाहायचं? त्या म्हणीतला ‘गोवा’ कुणी पाहिला होता, याचं उत्तर तिथून शोधायला लागता येईल.