मध: साखर किती, औषध किती आणि कुणाला अजिबात देऊ नये

नागपूर (महाल) : श्रावण आला की महालातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानांत मधाच्या छोट्या बाटल्यांना मागणी वाढते. पंचामृताला मध लागतो, आजीच्या चाटणाला लागतो आणि पोराच्या खोकल्यालाही लागतो. नागपूरकडे अनेक जण त्याला शहदच म्हणतात. गावाकडून बाजाराला आलेला माणूस परत जाताना एखादी बाटली पिशवीत टाकतोच. पण तो मध घरी कुणाच्या तोंडात जाणार, हे आधी पाहिलं पाहिजे. मोठ्या माणसाला चालणारा मध तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

एक वर्षाखालच्या बाळाला मध नको

बाळ जन्मलं की मध-तुपाचं बोट चाटवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. घुटी उगाळतानाही त्यात मध घालतात. रडकं पोर गप्प व्हावं म्हणून चोखणी मधात बुडवून देणारेही आहेत. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढू शकत नाहीत. बाळाचं आतडं कच्चं असतं, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. या आजाराला शिशु बोट्युलिझम म्हणतात. १९७६ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला.

आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बाळाचे स्नायू ढिले पडतात आणि श्वासही अडकू शकतो. लक्षणं अशी:

- शी होत नाही, पोट घट्ट
- दूध ओढायला जोर नाही
- रडण्याचा आवाज बारीक
- पापण्या जड, मान सैल

असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि मध चाटवला असेल तर ते डॉक्टरांना न लपवता सांगा.

मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. मध जंगलातला असो की पॅकबंद, नियम एकच: बारा महिने पूर्ण होईपर्यंत एक थेंबही नाही. पहिले सहा महिने तर बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. चाल मोडायची नसेल तर मधाचं बोट आईच्या तोंडाला लावा, बाळाच्या नाही.

मधात असतं काय?

फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माशी तो पोटाच्या पिशवीत आणते, त्यात आपले पाचक रस मिसळते आणि पोळ्यात भरते. मग पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. रस घट्ट झाला की घराच्या तोंडावर मेणाचं झाकण बसतं. झाकण बसलं म्हणजे मध पिकला.

पिकलेल्या मधात साधारण ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. उरलेलं बहुतेक पाणी. जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात, पण अगदी थोडी. पाणी कमी आणि गुण आंबट असल्यामुळे त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून मध टिकतो.

१०० ग्रॅम मधातून सुमारे ३०० कॅलरी मिळतात. साखरेपेक्षा त्या कमी आहेत, पण मध जड असतो. छोटा चमचाभर मध सुमारे ७ ग्रॅम भरतो, तर चमचाभर साखर सुमारे ४ ग्रॅम. म्हणजे चमच्यामागे मधाच्याच कॅलरी जास्त. कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळत नाही. डायबेटिसवाल्यांनी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून मोकळ्या हाताने घेऊ नये, त्यानेही रक्तातली साखर वाढते.

औषध म्हणून कुठे चालतो?

खोकल्यात आजीचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एक वर्षावरच्या मुलांना झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेनेही २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी आधी मध घेऊन बघा, असा सल्ला दिला. आलं किंवा तुळशीचा रस घातला तरी हरकत नाही.

पण मध खोकल्याचं कारण काढत नाही. धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, थुंकीतून रक्त पडत असेल तर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

जखमेवर मध लावायची पद्धतही जुनी आहे आणि दवाखान्यातही काही जखमांवर मध वापरतात. मात्र तो जंतूमुक्त केलेला, वेगळा मध असतो. घरातल्या बाटलीतला मध खोल जखमेवर किंवा भाजल्यावर लावू नका. भाजलं तर आधी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी.

आयुर्वेदात मधाला मोठं स्थान आहे. चरकसंहितेत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, सुश्रुतसंहितेत आठ. दुसऱ्या औषधाचा गुण पोचवणारा म्हणून त्याला योगवाही म्हणतात आणि म्हणून चूर्ण मधात कालवून देतात. त्याच शास्त्रात दोन मनाई आहेत: मध गरम करून खाऊ नये, आणि मध व तूप समान वजनाने एकत्र घेऊ नये. पंचामृत करताना दोन्हींचं माप सारखं ठेवत नाहीत, ते यामुळेच. मध जास्त तापवला तर त्यातले पाचक घटक मोडतात आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, हे प्रयोगशाळेतही दिसतं. चहा-दूध थोडं निवल्यावरच मध घाला.

खरा मध कसा ओळखायचा?

‘पाण्यात टाका, सरळ तळाला जातो की नाही पाहा!’ असं विकणारा हमखास सांगतो. कुणी मधात वात भिजवून पेटवून दाखवतो, कुणी मुंग्या लागत नाहीत म्हणतो. पाण्याची आणि वातीची परीक्षा फार तर पाणी मिसळलेला मध पकडते. घट्ट साखरेचा पाकही तळाला जातो. मुंग्यांच्या परीक्षेला तर काही आधारच नाही. बादलीत पोळ्याचा तुकडा ठेवला म्हणजे खालचा सगळा मध पोळ्यातलाच, असंही नाही.

भेसळ आता हुशार झाली आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले. सगळ्या चाचण्यांत फक्त ५ नमुने पास झाले. तांदूळ वगैरेपासून केलेले पाक नेहमीच्या चाचण्यांतून सुटतात, असं संस्थेने सांगितलं. कंपन्यांनी हे आरोप नाकारले. जे काही नेहमीच्या प्रयोगशाळेतून सुटू शकतं, ते घरच्या पेल्यात कळणार नाही.

मग ग्राहकाने काय करावं?

- बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर, पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर पाहा.
- मध कुठून आणला, कुठल्या हंगामाचा, हे विक्रेत्याला विचारा. खरा मधपाळ फुलांचं नाव सांगतो.
- फेस, आंबूस वास, बुडबुडे असतील तर घेऊ नका. तो कच्चा मध आंबलेला आहे.
- थंडीत मध गोठला, दाणे धरले तर फेकू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होतो. गोठणं ही भेसळीची खूण नाही.
- शंका असेल तर एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो.

मध गावातच होऊ शकतो

सगळ्यात भरवशाचा मध ओळखीच्या पेटीतला. आग्या माशी पाळता येत नाही. तिचं मोहोळ उंच झाडावर किंवा कड्यावर उघडं लटकतं. धूर करून, जाळून अख्खं पोळं कापलं तर पिल्लं मरतात आणि मधात राख-अळ्या मिसळतात. पिल्लांचा भाग राखून फक्त मधाचा भाग कापला तर मधही स्वच्छ मिळतो आणि वसाहतही जगते. सातेरी आणि मेलिफेरा या माशा मात्र पेटीत पाळता येतात.

हे आपल्या भागाला नवीन नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले आणि त्यात मधमाशीपालनही होतं. साताऱ्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि पेट्यांसाठी ५० टक्के अनुदान आहे. चौकशी जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावी.

बाटली घरी आणली की झाकण घट्ट लावा, ओला चमचा घालू नका, फ्रिजची गरज नाही. घरात तान्हं बाळ असेल तर बाटली वरच्या फळीवर ठेवा आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा: पहिल्या वाढदिवसाआधी बाळाला मध द्यायचा नाही.