प्रथिननिर्मितीचा आरंभबिंदू : शोधाचा इतिहास

पेशीतील संदेशवाहक आर.एन.ए. वरील लेख तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. परंतु या गटांमध्ये विरामचिन्हे नसतात. वाचन एक अक्षर सोडून सुरू झाले, तर पुढील सर्व गट बदलतात व भलतीच साखळी तयार होते. म्हणून वाचनाचा आरंभ कोठे होतो, हा प्रश्न संकेतांच्या अर्थाइतकाच महत्त्वाचा होय. तथापि त्याचा उलगडा मागाहून झाला.

१९६१ मध्ये बेथेस्डा येथे नीरेनबर्ग व मथाई यांनी केवळ ‘यू’ या अक्षराची कृत्रिम साखळी जीवाणूंच्या पेशीरसात मिसळली आणि केवळ फेनिलॲलनीनची बनलेली साखळी मिळविली. संकेतलिपीचा पहिला शब्द उलगडला. परंतु त्या साखळीत आरंभखूण नव्हतीच. मिश्रणात मॅग्नेशियम पुष्कळ असल्यास रायबोसोम अशा खुणेवाचूनही काम सुरू करतो, हे पुढे स्पष्ट झाले. अर्थात ज्या परिस्थितीमुळे हा प्रयोग सफल झाला, तिनेच आरंभाचा प्रश्न झाकून ठेवला होता.

१९६४ मध्ये केंब्रिज येथे मार्कर व सँगर यांना जीवाणूंत मेथिओनीनचे एक निराळे रूप आढळले. त्याच्या ॲमिनो टोकास फॉर्मिल गट जोडलेला होता. ते टोक बंद असल्याने हे आम्ल साखळीच्या मध्ये येऊच शकत नाही. त्याचे स्थान प्रारंभीच असणार. १९६६ मध्ये क्लार्क व मार्कर यांनी ‘ए-यू-जी’ या गटाशी त्याचा संबंध प्रस्थापित केला.

परंतु साखळीच्या मध्येही ‘ए-यू-जी’ येतोच. मग आरंभीचा कोणता? १९६९ मध्ये जोन स्टाइट्झ यांनी एका जीवाणुभक्षक विषाणूच्या आर.एन.ए. वर रायबोसोम बसवून उघडा भाग एन्झाइमने नष्ट केला आणि झाकून राहिलेले तुकडे वाचले. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शाइन व डालगार्नो यांनी दाखविले की, आरंभीच्या ‘ए-यू-जी’ पूर्वीची काही अक्षरे रायबोसोमच्या स्वतःच्या आर.एन.ए. च्या टोकाशी जुळतात.

केंद्रकयुक्त पेशींत ही जुळणी नसते. तेथे रायबोसोमचा लहान भाग संदेशाच्या एका टोकाशी लागून सरकत जातो व सामान्यतः पहिल्या ‘ए-यू-जी’ पाशी थांबतो, असे मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये प्रतिपादिले. या नियमासही अपवाद निघाला : पोलिओच्या विषाणूचा आर.एन.ए. रायबोसोमला मध्येच प्रवेश देतो, असे १९८८ मध्ये दिसून आले. सारांश, आरंभखूण बहुधा तीच असली, तरी ती ओळखण्याच्या रीती भिन्न आहेत.