ट्रान्सचं मूळ कुठलं?

युरोपातल्या क्लबांत गेल्या काही वर्षांत नव्वदीच्या आरंभीचा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार पुन्हा वाजू लागला आहे. हा जुन्या आठवणींचा धंदा आहे, असं म्हणून तो झटकून टाकला जातो. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी एकाच रचनेची वंशावळ पुरेशी आहे. ‘द एज ऑफ लव्ह’ ही तबकडी बेल्जियममध्ये १९९० साली निघाली. पण तिला कीर्ती मिळवून दिली ती १९९२ च्या रीमिक्सनं. ते केलं फ्रँकफुर्टच्या जॅम अँड स्पून या जोडीनं. २०२१ मध्ये शार्लट द वित्ते आणि एन्रिको सान्जुलियानो या डीजेंनी त्याच रचनेला पुन्हा हात घातला. आज ज्याला आपण मूळ समजतो, तेच दुसऱ्या पिढीचं होतं. बंदिश तीच, गायकी निराळी. मग तिसऱ्या पिढीलाच नक्कल का म्हणायचं?

पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेली ती चाल नव्हे, करामत. रोलंड कंपनीची टीबी-३०३ ही बेस गिटारऐवजी सोबत करायला बनवलेली छोटी चंदेरी सिंथेसायझर-पेटी. ती खपली नाही आणि १९८४ च्या सुमारास बंद झाली. हार्डफ्लोअर या जर्मन जोडीनं १९९२ च्या ‘ॲकपेरियन्स १’मध्ये तिच्याकडून काय करून घेतलं ते ऐका. मोजके स्वर पुन्हा पुन्हा फिरतात, नऊएक मिनिटं. हात फक्त फिल्टरच्या बटणावर: आवाज आधी गुदमरलेला, मग ओलसर, मग किंचाळणारा. स्वर हलत नाहीत, रंग बदलतो आणि कान त्या बदलाची वाट पाहायला शिकतो. पुढे रोलंडच्याच जेपी-८००० या सिंथेसायझरमध्ये किंचित बेसूर केलेल्या सात लहरींचा एकच भरदार आवाज मिळू लागला. मोठी सभागृहं भरली, पण ते वाट पाहणं आटलं.

आजचं बरंचसं काम नुसतंच वेगवान आणि मोबाइलच्या अर्ध्या मिनिटापुरतं आहे, हा आक्षेप खरा आहे. पण लोरेन्झो सेन्नी या इटालियन संगीतकारानं २०१२ च्या ‘क्वांटम जेली’त ढोलच काढून टाकला, चढण ठेवली, शिखर दिलं नाही. आठवणीत रमलेला माणूस असं करत नाही. तो यंत्र उघडून पाहतो आहे.

आपल्याकडून दुसरा दावा येतो: मूळ मुंबईचं. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३ च्या साथीनं राग वाजवले, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’मध्ये. अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण साम्य म्हणजे नातं नव्हे; ती तबकडी तेव्हा टीबी-३०३ वरचं ॲसिड हाऊस जिथे जन्मलं त्या शिकागोला किंवा फ्रँकफुर्टला पोचल्याचा पुरावा नाही, आणि न ऐकलेल्या माणसाला वारस म्हणता येत नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सिंग यांनी उतारवयात युरोपच्या मंचांवर तेच राग वाजवले. समोर नाचणाऱ्यांनी ते ऐकले. त्या कुळात त्यांचं नाव लागलं ते तेव्हा.